भूक, लाज आणि बुलिमिया

(समुपदेशन केंद्रांतील कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचं शब्दांकन)



आजचा विषय फळ्यावर लिहिला तेव्हा तुमच्यातल्याच एकीनं मला सरळ विचारलं, "ताई, आपल्या निम्म्याहून जास्त बायकांच्या अंगात रक्त कमी. बाई घरात शेवटी जेवते, उरलंसुरलं खाते, हे आपण इतकी वर्षं ओरडून सांगतोय. त्यात या खाऊन ओकणाऱ्या मुलींचं कशाला?" प्रश्न रास्त आहे आणि मला तो आवडलाही. श्रीमंतांची थेरं म्हणून आपण हा विषय बरीच वर्षं बाजूला ठेवला. पण आपल्या केंद्रांवर आता ज्या मुली येतात त्या काही सगळ्या बंगल्यांतल्या नाहीत. नर्सिंगला शिकणारी येते, दुकानात काउंटरवर उभी राहणारी येते, लग्न ठरलेली येते. "पित्त होतं", "पोट बिघडतं", "झोप लागत नाही" असं सांगत येतात. ओकारीचं नाव तिसऱ्या-चौथ्या भेटीत निघतं, कधी निघतच नाही.

माझं आज मुख्य म्हणणं एवढंच आहे की उपासमार दुसऱ्यानं लादलेली असो की स्वतः ओढवून घेतलेली, शरीराला त्यातला फरक कळत नाही. ते भुकेला भुकेसारखंच उत्तर देतं. आपण मात्र त्या उत्तराला अधाशीपणा म्हणतो, आणि तिथून पुढचं सगळं बिघडतं.

आधी नावाचं बघू. बुलिमिया हा शब्द ग्रीक आहे. बैल आणि भूक असे दोन शब्द जोडून झालेला, बैलाएवढी भूक. आपल्याकडे कुणी फार खायला लागलं की "भस्म्या झालाय का?" म्हणतात. पण भस्म्या वेगळा. त्यात माणूस खातो आणि त्याला लाज नसते. लोकच त्याची चेष्टा करतात. बुलिमियात खाणं चोरून असतं, आणि खाऊन झाल्यावर ते पुसून टाकायची धडपड असते. म्हणून मराठीत याला एक शब्द शोधण्याच्या भानगडीत मी पडत नाही. खा-खा सुटते, मग ओकारी काढली जाते, आणि दोन्हींचं गुपित ठेवलं जातं. हे तीन मिळून तो आजार.

वैद्यकशास्त्रात त्याचं स्वतंत्र वर्णन फार जुनं नाही. लंडनच्या रॉयल फ्री हॉस्पिटलमधले मानसोपचारतज्ज्ञ जेराल्ड रसेल यांनी १९७९ साली ३० रुग्णांवर एक लेख लिहिला. त्यात २८ बायका होत्या आणि २ पुरुष. पुरुषांचा आकडा मुद्दाम सांगते, कारण मुलगे आपल्याकडे येत नाहीत म्हणून त्यांना हे होत नाही असं समजू नका. रसेल यांनी तीन गोष्टी एकत्र पाहिल्या: खाण्याची अनावर ओढ, ओकारी किंवा जुलाब करून ते खाल्लेलं घालवणं, आणि जाड होण्याची विलक्षण भीती. यातल्या बहुतेक रुग्णांनी आधी कधीतरी कडक उपासमार काढलेली होती, हेही त्यांनी नोंदवलं. ही शेवटची नोंद लक्षात ठेवा.

पुढे अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या रोगनिदानाच्या पुस्तिकेत १९८० साली बुलिमिया आला. १९९४ च्या आवृत्तीत असं होतं की हे प्रकार आठवड्यातून दोनदा, तीन महिने चालले पाहिजेत. २०१३ पासून आठवड्यातून एकदा एवढं पुरेसं मानलं जातं. हे बारीक गणित डॉक्टरांसाठी. आपल्यासाठी खरी खूण आहे ती ताबा सुटण्याची. एखादी मुलगी लग्नात चार जिलब्या जास्त खाते, त्याला कुणी आजार म्हणत नाही. इथं थोड्या वेळात, सहसा दोनेक तासांत, एरवी कुणी खाणार नाही इतकं खाल्लं जातं आणि "मला थांबताच येत नव्हतं" ही भावना असते. एक मुलगी मला म्हणाली, "ताई, चव कळतच नाही. उभ्यानं खाते, डब्यातून खाते, गार असेल तर गार." दिवसभर जे स्वतःला मना केलेलं असतं नेमकं तेच खाल्लं जातं. मग ते घालवायचे प्रकार. सगळ्याच ओकतात असं नाही. कुणी जुलाबाच्या गोळ्या घेते, कुणी दुसऱ्या दिवशी पाण्यावर राहते, कुणी ताप असतानाही जिने चढउतार करते. आणि वजन? बहुतेकींचं चारचौघींसारखंच असतं. घरच्यांना, डॉक्टरांना, आपल्यालासुद्धा कळत नाही ते यामुळेच. आपण हाडं दिसणारी मुलगी शोधत बसतो, आणि ही समोरच्या खुर्चीवर हसतमुख बसलेली असते.

आता ही खा-खा येते कुठून? "मनावर ताबा नाही" हे घरातलं ठरलेलं उत्तर. त्या मुलीचंही तेच असतं. इथं मला तुम्हाला तरण्याताठ्या पुरुषांची एक गोष्ट सांगायची आहे.

दुसऱ्या महायुद्धाच्या शेवटी युरोपात उपासमार पसरली होती. भुकेल्या माणसांना पुन्हा खाऊ कसं घालायचं हे समजावं म्हणून अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात अ‍ॅन्सेल कीज यांनी एक प्रयोग केला. युद्धात लढायला नकार देणारे ३६ तरुण त्यात स्वेच्छेनं आले. तब्येतीनं आणि मनानं ठणठणीत आहेत हे तपासून घेतलेले. १९४५ साली जवळजवळ सहा महिने त्यांना अर्धपोटी ठेवलं. काय झालं? हे पुरुष दिवसरात्र अन्नाचं बोलू लागले. स्वयंपाकाची पुस्तकं जमवू लागले. ताटल्या चाटून पुसू लागले. चिडचिडे झाले, उदास झाले, मित्र तोडू लागले. काहींनी नियम मोडून चोरून खाल्लं आणि नंतर स्वतःला दूषणं दिली. प्रयोग संपून अन्न मिळू लागल्यावरही काहींची भूक भागेना. पोट तुडुंब भरलं तरी खातच राहिले. यांना कुणी बारीक व्हायला सांगितलं नव्हतं, आरशाशी यांचं भांडण नव्हतं. फक्त उपाशी ठेवलं होतं.

दुसरा एक छोटा प्रयोग १९७५ सालचा. हर्मन आणि मॅक या मानसशास्त्रज्ञांनी काही विद्यार्थिनींना चव सांगण्याच्या निमित्तानं बोलावलं. काहींना आधी मिल्कशेक पाजलं आणि मग सगळ्यांपुढे आइस्क्रीम ठेवलं, हवं तेवढं खा म्हणून. ज्या मुली एरवी खाण्यावर लगाम घालत नव्हत्या त्यांनी मिल्कशेक पिऊन झाल्यावर आइस्क्रीम कमी खाल्लं. सरळच आहे, पोट भरलं होतं. पण ज्या सतत मोजूनमापून खात होत्या त्यांनी मिल्कशेक प्यायल्यावर आइस्क्रीम जास्त खाल्लं. नियम एकदा मोडलाच आहे, मग आता काय राहिलं! आपल्या आज्यांना हे ठाऊक होतं. "एकादशी अन् दुप्पट खाशी" उगाच नाही म्हणत. फक्त आजी हसून म्हणायची, आणि ही मुलगी तेच स्वतःला शिवी म्हणून ऐकवते.

उपवासाचं आलंच आहे तर सांगून टाकते. श्रद्धेनं उपवास करणाऱ्या बाईबद्दल माझं काही म्हणणं नाही. पण आपल्या घरांत उपवास ही न जेवण्याची सन्मानाची जागा आहे. सोमवार, गुरुवार, संकष्टी, नवरात्र, वरून श्रावण. मुलगी जेवली नाही तर आई काळजी करते. उपवास आहे म्हटलं की कौतुक करते. ज्या मुलीला जेवण टाळायचंच आहे तिला याहून चांगला आडोसा कुठला? तेव्हा "उपवास कधीपासून वाढले? आणि ते सुटल्यावर काय होतं?" हे दोन प्रश्न विचारत चला.

तर चक्र असं फिरतं. वजन उतरलंच पाहिजे म्हणून कडक नियम. नियमामुळे भूक. भुकेतून खा-खा. त्यातून लाज आणि घबराट. मग ओकारी. "आता उद्यापासून आणखी कडक" अशी शपथ. आणि पुन्हा भूक. ऑक्सफर्डचे ख्रिस्तोफर फेअरबर्न यांनी १९८० च्या दशकात हे चक्र नीट मांडलं. त्यात एक खोच आहे. आता ओकारी काढता येते हे एकदा कळलं की खाण्यावरचा उरलासुरला अटकाव जातो. म्हणजे ओकारीनं खाणं धुतलं जात नाही, उलट पुढच्या खाण्याला परवाना मिळतो. शिवाय ओकून सगळं बाहेर पडतच नाही. जुलाबाच्या गोळ्यांचं तर आणखी फसवं. त्या काम करतात मोठ्या आतड्यात; अन्नाचा कस त्याआधीच लहान आतड्यात शोषला गेलेला असतो. जातं ते पाणी. काटा खाली दिसतो आणि पाणी प्यायलं की परत वर.

आता म्हणाल, डाएट तर गल्लीगल्लीत चाललंय, सगळ्यांना कुठं बुलिमिया होतो? बरोबर. इथं मनाची बाजू येते. काही घराण्यांत हा आजार जास्त दिसतो, तेव्हा रक्ताचाही भाग आहेच. लहानपणी अंगानं स्थूल असलेली, घरात तिच्या वजनावरून टोमणे ऐकलेली मुलगी जास्त धोक्यात असते. पण आजार सुरू झाल्यावर तो टिकतो कशानं? फेअरबर्न आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ साली वजनाच्या अतिरेकी विचाराबरोबर आणखी चार गोष्टी मांडल्या. सगळं बिनचूकच व्हायला हवं हा ध्यास. मुळातच खोल रुतलेला न्यूनगंड. तीव्र भावना सोसता न येणं. आणि जवळच्या नात्यांतली ओढाताण. प्रत्येकीत चारही असतील असं नाही.

बिनचूकपणाबद्दल थोडं सांगते, कारण या मुली बहुधा शहाण्या, नेटक्या, वर्गात पहिल्या येणाऱ्या असतात आणि म्हणून कुणाला शंका येत नाही. त्यांचा हिशेब सोळा आणे नाहीतर शून्य. एक बिस्कीट खाल्लं की दिवस वाया. मधलं काही नाही. भावनांचं म्हणाल तर खाण्याच्या त्या अर्ध्या तासात डोकं बंद होतं. हेदरटन आणि बाउमायस्टर यांनी १९९१ साली लिहिलं की हे खाणं म्हणजे स्वतःच्या जाणिवेपासून पळ काढणं आहे. मला हे पटतं. रागावलेली मुलगी आदळआपट करू शकत नाही, रडली तर "काय झालं?" म्हणून उलटतपासणी. खाणं हे त्या घरात बिनआवाजाचं एकच साधन असतं.

आणि इथं एक सावधगिरी. लहानपणी लैंगिक अत्याचार सोसलेल्या मुली या आजारात, कोणताही मानसिक आजार नसलेल्या बायकांपेक्षा जास्त आढळतात, पण इतर मानसिक आजारांइतक्याच. म्हणजे प्रत्येक बुलिमियाच्या मागे अत्याचार असणारच असं नाही. आपल्या चळवळीतल्या लोकांना कारण खणून काढायची घाई असते. मुलगी सांगेल तेव्हा ऐकायला आपण हव्यात. ती सांगत नाही म्हणून आपण तिच्या तोंडी काही घालू नये.

बारीकच असलं पाहिजे हा विचार मात्र कुणी एकटी आपल्या खोलीत बसून काढत नाही. फिजी बेटांवरचं उदाहरण बघा. तिथं धष्टपुष्ट बाई म्हणजे चांगल्या घरची, माणसांनी काळजी घेतलेली असं मानायचे. कुणी रोडावलं तर गाव हळहळायचं. नाद्रोगा भागात १९९५ साली टीव्ही आला. त्याच सुमारास हार्वर्डच्या अ‍ॅन बेकर यांनी तिथल्या ६३ शाळकरी मुलींशी बोलणं केलं, आणि १९९८ साली ६५ मुलींशी. वजनासाठी ओकारी काढणारी १९९५ मध्ये एकही नव्हती. तीन वर्षांनी ११.३ टक्के होत्या. अभ्यास लहान आहे आणि टीव्हीच्या जोडीनं तिथं बरंच काही बदलत होतं, तेव्हा एकट्या टीव्हीला फासावर चढवू नका. पण शरीराची लाज शिकवली जाते आणि ती फार लवकर शिकता येते, एवढं यातून नक्की कळतं. आपल्याकडे ती शिकवायला टीव्हीचीही वाट पाहावी लागली नाही. "सडपातळ, गोरी वधू पाहिजे" हे पिढ्यान्‌पिढ्या छापून येतच आहे.

ब्रिटनच्या राजघराण्यातल्या डायानानं १९९५ साली बीबीसीच्या मुलाखतीत आपल्या बुलिमियाबद्दल सांगितलं. ती मुलाखत मिळवताना पत्रकारानं खोटी कागदपत्रं वापरल्याचं २०२१ च्या चौकशीत बाहेर आलं, ते वाईटच. पण ती आजाराबद्दल जे बोलली ते मोलाचं होतं. तिचं म्हणणं असं, की हे माझ्या लग्नात जे चाललं होतं त्याचं लक्षण होतं. आणि घरातल्यांनी लक्षणालाच मूळ दोष ठरवून मला अस्थिर म्हटलं. जेवताना तिला टोमणे मिळत की हे अन्न आता तू वायाच घालवणार. राजवाडा असो की दोन खोल्यांचं घर, टोमणा तोच! आपल्याकडे तर ताटात टाकणं हेच पाप. तिथं ओकून टाकणारीच्या मनावर किती ओझं असेल बघा.

शरीराच्या धोक्याबद्दल थोडक्यात पण ठासून सांगते. वारंवार ओकारीनं आणि जुलाबानं रक्तातलं पोटॅशियम उतरतं आणि हृदयाचे ठोके बिघडू शकतात. यात जीव जाऊ शकतो, वजन ठीक असलं तरी. ओकारीतल्या आम्लानं दातांचं कवच झिजतं, विशेषतः आतल्या बाजूनं. दाताच्या डॉक्टरांना पुष्कळदा सगळ्यांआधी कळतं ते त्यामुळे. कानाखालचा भाग गालगुंड झाल्यासारखा सुजलेला दिसतो. बोटांच्या पेरांवर मागच्या बाजूनं घट्टे दिसू शकतात. रसेल यांच्याच नावानं ती खूण ओळखली जाते. पाळी अनियमित होते. घेरी येणं, छातीत धडधड, अंगात गोळे येणं, ओकारीत रक्त, यातलं काही असेल तर गप्पा नकोत. त्याच दिवशी दवाखाना आणि रक्ततपासणी. मरावंसं वाटतंय का, हेही स्पष्ट शब्दांत विचारा. विचारल्यानं डोक्यात येत नाही; येऊन गेलेलं असतं.

उपचार आहेत आणि ते लागू पडतात. फेअरबर्न यांच्या पद्धतीत साधारण वीस भेटी, पाचेक महिने. सुरुवात कुठून होते ठाऊक आहे? जेवणापासून. दिवसात तीन वेळा जेवण, मध्ये दोन-तीनदा थोडं काही, आणि तीन-चार तासांपेक्षा जास्त उपाशी राहायचं नाही. मुलीला हे फार भीतीचं वाटतं. आधीच एवढं खाते, त्यात आणखी खाऊ? पण भूक मिटली की खा-खा ओसरू लागते. सोबत एक वही: काय खाल्लं, कुठं, तेव्हा मनात काय होतं. पुढे एक भाकरी काढायला सांगतात. मूळ पद्धतीत नुसतं वर्तुळ आहे, भाकरी माझी. तू स्वतःला कशावरून जोखतेस? अभ्यास, मैत्रिणी, गाणं, काम, प्रत्येकाला एक तुकडा. वजनानं भाकरीचा केवढा तुकडा खाल्लाय ते तिचं तिलाच दिसतं. मग वजनाचा तुकडा लहान करण्यापेक्षा बाकीचे मोठे करायला घ्यायचे.

आणि आपल्याला उमेद देणारी एक गोष्ट. १९९३ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्याच एका अभ्यासात, खाण्यावर आणि वजनावर अजिबात न बोलता फक्त नात्यांतल्या अडचणींवर काम करणारी उपचारपद्धती तुलनेला घेतली होती. ती सावकाश चालली, पण उपचार संपल्यावर वर्षभरानं तिचं फळ जवळजवळ तितकंच होतं. काही जणींना मानसोपचारतज्ज्ञ गोळ्याही देतात. त्यांना नावं ठेवू नका.

आपण केंद्रावर काय करायचं, ते शेवटी. वजनाबद्दल चांगलंही बोलायचं नाही आणि वाईटही. "बारीक झालीस, छान दिसतेस" हे आपल्या तोंडून सवयीनं जातं. त्या मुलीला ते औषधासारखं चढतं. "ओकतेस का?" असं पोलिसी विचारू नका. "खाऊन झाल्यावर ते काढून टाकावंसं वाटतं का? पुष्कळ जणींना वाटतं," असं म्हणा. आईला बोलवायचं ते मुलीला विचारून. जिवाला धोका असेल तर गोष्ट वेगळी, आणि हेही तिला पहिल्याच भेटीत सांगून ठेवा. आई आली की ती कपाटाला कुलूप लावायच्या गोष्टी करते, न्हाणीघराबाहेर पहारा देते. तिला रागावू नका. ती स्वतः आयुष्यभर शेवटी जेवलेली असते. तिला एवढंच सांगा की मुलीला एकटीला ताट वाढून देऊ नका. दोघी एकत्र बसा, त्याच वेळी, तेच जेवा, आणि जेवताना खाण्याचा विषय नको. जेवण झाल्यावर अर्धा तास गप्पा मारत बसा, चौकशी न करता. एका आईनं मला विचारलं होतं, "ताई, सगळ्यांच्या आधी जेवू मी?" मी म्हटलं, आधी नको, बरोबर.

रात्री-अपरात्री कुणाला काही सुचेनासं झालं तर सरकारच्या टेलि-मानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक आहे, २०२२ पासून सुरू आहे, मराठीतही बोलता येतं. तो केंद्राच्या भिंतीवर मोठ्या अक्षरात लावा. तुमच्या भागात कुठल्या सरकारी रुग्णालयात मानसोपचार विभाग कोणत्या वारी उघडा असतो, तेही त्याखाली लिहा. चहानंतर गटांत बसू तेव्हा प्रत्येक गटानं आपल्या तालुक्यापुरती ती यादी करायला घ्यावी. कागद आणि पेनं मागच्या टेबलावर ठेवली आहेत.